धंद्याचा हिशेब क्लाउडवर नेताना: काय बदलतं आणि काय तुमच्याच गळ्यात राहतं?

धंदा छोटा असतो तेव्हा त्याचा हिशेब एका कॉम्प्युटरवर मावतो. ऑफिसच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्यात टॅली, समोर वर्षानुवर्षं तेच अकाउंटंट आणि महिनाअखेरीस सीएकडे जाणारा पेन ड्राइव्ह. बऱ्याच धंद्यांचं गाडं असंच चालतं आणि नीट चालतं.

अडचण येते ती धंदा वाढल्यावर. समजा, एका वितरकाचं ऑफिस पुण्यात आहे आणि त्याने सांगलीत दुसरं गोदाम घेतलं. आता सांगलीची बिलं व्हॉट्सॲपवर पुण्याला येतात आणि दुसऱ्या दिवशी टाइप होतात. मालक प्रवासात असताना "जोशींकडून किती येणं बाकी आहे?" हे विचारायला अकाउंटंटला फोन करावा लागतो. तो रजेवर असेल तर उत्तर मिळत नाही. कर्जासाठी बँक चालू महिन्याचे आकडे मागते, पण हिशेब मागच्या महिन्यात अडकलेला असतो.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "क्लाउडवर टाका, सगळे प्रश्न सुटतील." काही खरंच सुटतात, पण काही नवे तयार होतात. म्हणून हा बदल करण्याआधी तो नेमका काय आहे, कायदा काय म्हणतो आणि गडबड कुठे होते, हे समजून घेऊ.

क्लाउड म्हणजे नेमकं कुठे?

नाव ढगाचं असलं तरी क्लाउड जमिनीवरच असतो. मोठ्या इमारतींमध्ये रांगेने सर्व्हर लावलेले असतात आणि त्यांची जागा व ताकद भाड्याने दिली जाते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रं सुरू केली. ॲमेझॉनची क्लाउड सेवा २०१६ मध्ये आणि गूगलची २०१७ मध्ये मुंबईत आली.

कल्पना तशी जुनी आहे. आज नेटसूट नावाने ओळखली जाणारी कंपनी १९९८ मध्ये अमेरिकेत 'नेटलेजर' या नावाने सुरू झाली होती. ब्राउझर उघडायचा आणि त्यातच हिशेब लिहायचा, हाच तिचा धंदा होता. २०१६ मध्ये ओरॅकलने ती ९.३ अब्ज डॉलरला विकत घेतली.

भारतात मात्र हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हटलं की टॅली हेच नाव पुढे येतं. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भरत गोयंका यांनी सुरू केलेल्या कंपनीचं हे उत्पादन. ते कॉम्प्युटरवर बसवायचं सॉफ्टवेअर म्हणून वाढलं आणि डेटा आपल्याच मशीनवर ठेवायची सवय आपल्याकडे त्यातूनच रुजली.

'क्लाउड' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात

पहिली, जुनंच सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर. स्क्रीन तीच, बटणं तीच, फक्त ती दूरच्या मशीनवर चालतात आणि तुम्ही इंटरनेटवरून तिथे पोहोचता. अकाउंटंटला नवीन काही शिकावं लागत नाही. पण कामाची पद्धतही बदलत नाही.

दुसरी, मुळातच ब्राउझरसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. झोहो बुक्स हे त्याचं आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण. इथे मोबाइलवरून बिल करता येतं, काही बँकांचं स्टेटमेंट थेट आत येतं आणि सीएला वेगळा लॉगिन देता येतो. अपडेट कंपनीच करते.

तिसरी, ईआरपी. म्हणजे हिशेबासोबत खरेदी, साठा, उत्पादन आणि पगार एकाच यंत्रणेत. नेटसूट, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स आणि सॅपची क्लाउड उत्पादनं या गटात येतात. यांची ताकद मोठी, खर्चही मोठा आणि बसवायला लागणारा वेळही.

विक्रेता 'क्लाउड' म्हणतो तेव्हा यांपैकी कोणती गोष्ट विकतोय, हे आधी विचारून घ्यायला हवं. तिन्हींची किंमत आणि जोखीम वेगवेगळी आहे.

धंदा वाढला की नियमही बदलतात

सॉफ्टवेअर बदलायचं कारण फक्त सोय नसते. उलाढाल वाढली की सरकारी नियमही बदलतात.

सगळ्यात ठळक उदाहरण ई-इनव्हॉइसचं. व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं आणि तिथून मिळालेला क्रमांक व क्यूआर कोड बिलावर छापायचा, अशी ही पद्धत आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांसाठी सुरू झाली. मग मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: १००, ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी.

यातला बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर पुढे धंदा मंदावला तरी नियम लागू राहतो. ज्याला ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे त्याने साधं बिल दिलं, तर जीएसटीच्या नियमांनुसार ते बिलच धरलं जात नाही. मग समोरच्या ग्राहकाचं इनपुट क्रेडिट अडकतं आणि तो तुमचे पैसे रोखून धरतो.

त्यात १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्याहून जास्त उलाढालीच्या धंद्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं. 'महिनाअखेरीला बसून सगळी बिलं टाकू' ही सवय इथे महागात पडते.

दुसरा नियम कंपन्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिट ट्रेल' हवा. म्हणजे एखादी नोंद बदलली तर काय बदललं आणि कधी बदललं याची आपोआप नोंद राहिली पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. ऑडिटरला आपल्या अहवालात यावर लिहावं लागतं. हा नियम कंपनी कायद्यातला आहे, म्हणून छोटी प्रायव्हेट लिमिटेडही त्यात येते. एकल मालकी किंवा भागीदारीतल्या धंद्याला तो लागू नाही. मात्र धंदा वाढला की बरेच जण कंपनी काढतात आणि त्या दिवसापासून तो लागू होतो.

ऑडिट ट्रेल डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्येही मिळतो. त्यामुळे 'कायद्याने क्लाउड सक्तीचा केलाय' असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही.

सर्व्हर दुसऱ्याचा, जबाबदारी कुणाची?

याचं उत्तर कंपनी कायद्यात स्पष्ट आहे: कंपनीचीच. कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. यात कुचराई झाली तर अर्थव्यवहार पाहणाऱ्या संचालकाला किंवा अधिकाऱ्याला ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'सॉफ्टवेअर कंपनीचा सर्व्हर बंद होता' या कारणाने ही जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीकडे जात नाही.

कंपन्यांसाठी आणखी तीन गोष्टी नियमांत आहेत. हिशेब भारतातून कधीही उघडता आला पाहिजे. त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असला पाहिजे. आधी तो 'ठरावीक काळाने' घ्यायचा होता, ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर दररोज घ्यावा लागतो. आणि हिशेब क्लाउडवर असेल तर सेवा देणाऱ्याचं नाव, ठिकाण वगैरे तपशील दरवर्षी रजिस्ट्रार ऑफ कंपनीजला कळवावे लागतात.

जीएसटीचा वेगळा हिशेब आहे. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात, मग धंदा कंपनीचा असो की एकट्या मालकाचा.

म्हणूनच क्लाउडवर गेल्यावर जुना कॉम्प्युटर भंगारात काढता येत नाही. जुना डेटा आणि तो उघडू शकणारं सॉफ्टवेअर, दोन्ही एखाद्या मशीनवर चालू स्थितीत ठेवावं लागतं. नोटीस आली आणि जुनी फाइल उघडेनाच, तर ती असून नसल्यासारखी.

हिशेब हलवतात कसा?

सॉफ्टवेअर सुरू करायला तासभर पुरतो. खरा वेळ जातो तो हिशेब सुखरूप नेण्यात.

तारीख निवडा. १ एप्रिल सगळ्यात सोयीची, कारण आर्थिक वर्ष नवं असतं. ती चुकली तर तिमाहीची पहिली तारीख. वर्षाच्या मध्ये बदलत असाल तर बिलांच्या क्रमांकाकडे लक्ष द्या. जीएसटीच्या नियमांनुसार एका आर्थिक वर्षात बिल क्रमांक परत येता कामा नये आणि तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा. नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा १ पासून सुरुवात केली तर आधीचेच क्रमांक पुन्हा पडतात. यासाठी वेगळी अक्षरं जोडून नवी मालिका सुरू करतात.

आधी घर झाडा. एकाच गिऱ्हाइकाची दोन-तीन स्पेलिंगने उघडलेली खाती, वर्षानुवर्षं सस्पेन्स खात्यात पडलेल्या रकमा, कधीच न येणारी उधारी, चुकीचे जीएसटी क्रमांक. हे सगळं जुन्या सॉफ्टवेअरमध्येच निस्तरायला हवं. मालाच्या एचएसएन कोडचंही तसंच: उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर ४ अंकी कोड चालतो, त्यापुढे ६ अंकी लागतो. गोदामातला माल एकदा प्रत्यक्ष मोजून घ्या. कचरा तसाच नेला तर नव्या घरातही तो कचराच राहतो.

काय न्यायचं ते ठरवा. सगळ्या वर्षांच्या सगळ्या नोंदी नेण्याचा मोह होतो, पण त्याची गरज क्वचितच असते. बहुतेकांना ओपनिंग बॅलन्स पुरतो. फक्त येणी-देणी बिलानुसार न्यावीत. समजा एका गिऱ्हाइकाकडे ३ लाख रुपये येणं आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ३ लाखांची एकच ओळ टाकली, तर त्यातलं कोणतं बिल किती दिवसांचं आहे हे कळणारच नाही आणि वसुलीचा मुद्दाच निघून जाईल.

तेरीज जुळवा. ट्रायल बॅलन्स म्हणजे आपल्या जुन्या भाषेत तेरीज. बदलाच्या आदल्या दिवशीची जुन्या सॉफ्टवेअरमधली तेरीज आणि नव्यातली सुरुवातीची तेरीज रुपयाला रुपया जुळली पाहिजे. 'पाचशेचाच फरक आहे, सोडून द्या' असं म्हणू नये. त्या पाचशेमागे एकमेकांत लपलेल्या दोन मोठ्या चुका असू शकतात.

महिनाभर दोन्ही चालू ठेवा. काम दुप्पट होतं, अकाउंटंट वैतागतो, पण चुका इथेच सापडतात. महिनाअखेरीस चार आकडे दोन्हीकडे तपासा: बँकेतली शिल्लक, एकूण येणी, एकूण देणी आणि जीएसटीची विक्री. चारही जुळले की जुनं फक्त पाहण्यापुरतं ठेवा. अकाउंटंटवर दुहेरी भार पडणार आहे हे धरून महिनाभरासाठी मदतीला कुणी दिलं, तर ही पायरी अर्धवट सुटत नाही.

लॉगिन वाटा, पासवर्ड नाही. प्रत्येकाचा स्वतःचा लॉगिन हवा. सांगलीच्या गोदामातल्या माणसाला बिल करता यावं, पण नफा-तोटा दिसायची गरज नाही. पेमेंट एकाने तयार करावं, दुसऱ्याने मंजूर करावं. मोबाइलवर कोड येणारी दुहेरी पडताळणी सगळ्यांसाठी सुरू ठेवा. नोकरी सोडणाऱ्याचा लॉगिन त्याच दिवशी बंद करा. सगळे एकाच लॉगिनने काम करत असतील, तर नोंद बदलल्याचं ऑडिट ट्रेल सांगेल, पण ती कुणी बदलली हे शेवटपर्यंत कळणार नाही.

बर्मिंगहॅममध्ये काय झालं?

हिशेबाची यंत्रणा हलवणं किती अंगाशी येऊ शकतं, याचं मोठं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने एप्रिल २०२२ मध्ये सॅपची जुनी यंत्रणा सोडून ओरॅकलची क्लाउड यंत्रणा सुरू केली. सुरुवातीचा अंदाज साधारण २ कोटी पौंडांचा होता. २०२३ मध्ये हाच खर्च १० कोटी पौंडांच्या घरात जाणार असं समोर आलं.

कारण काय? सॉफ्टवेअर जसं होतं तसं घेऊन कामाची पद्धत बदलण्याऐवजी परिषदेने सॉफ्टवेअरच आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे वाकवून घेतलं. बँकेच्या नोंदींचा मेळ लागेना आणि नेमका किती खर्च झालाय हे वेळेवर कळेना. सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेने खर्चाचा मेळ बसत नसल्याची अधिकृत नोटीस काढली. त्यामागचं मुख्य कारण महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकीत देणी हे होतं, पण या यंत्रणेच्या खर्चाने त्यात भर घातली.

छोट्या धंद्यासाठी धडा तोच आहे. 'आमच्याकडे बिल असंच निघतं, तुमचं सॉफ्टवेअर तसं बदलून द्या' हा आग्रह धरण्याआधी, ती पद्धत खरंच गरजेची आहे की फक्त सवयीची, हे पाहावं. असा प्रत्येक बदल पुढच्या प्रत्येक अपडेटला पुन्हा तपासावा लागतो.

उद्या कंपनीनेच दुकान बंद केलं तर?

हे भारतात झालेलं आहे. अमेरिकेच्या इंट्युट कंपनीचं क्विकबुक्स हे जगभर वापरलं जाणारं हिशेबाचं क्लाउड सॉफ्टवेअर. २०२२ मध्ये कंपनीने भारतातून ते मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि ३१ जानेवारी २०२३ नंतर इथली सेवा थांबवली. ग्राहकांना आपला डेटा काढून घेऊन दुसरीकडे जावं लागलं. कंपनी बुडाली नव्हती, तिने फक्त एक बाजार सोडला होता.

डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद झाली तरी तुमच्या मशीनवरची प्रत काही काळ चालते. क्लाउडवर तसं होत नाही, सेवा थांबली की दार बंद होतं. म्हणून आत शिरताना बाहेरचा रस्ता पाहून ठेवावा. सगळी खाती, सगळ्या नोंदी आणि जोडलेली बिलं एक्सेलसारख्या उघड्या स्वरूपात काढता येतात का, हे चाचणीच्या काळातच करून पाहावं.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियातली. मे २०२४ मध्ये ६ लाखांहून जास्त सदस्य असलेल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड खातं गूगलकडच्या चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. सदस्यांना साधारण आठवडाभर खातं पाहता आलं नाही. फंडाने दुसऱ्या सेवा कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, त्याची यंत्रणा परत उभी करताना मदत झाली. क्लाउड कंपनी बॅकअप घेतेच, तरीही दर आठवड्याला एक प्रत स्वतःकडे काढून ठेवणं शहाणपणाचं आहे.

स्वस्त पडतं की महाग?

विक्रेते महिन्याचा आकडा सांगतात, कारण तो छोटा दिसतो. तुम्ही पाच वर्षांचा काढा. समजा, एका माणसामागे महिना ८०० रुपये आणि वापरणारे ६ जण. महिन्याला ४,८०० रुपये, वर्षाला ५७,६०० आणि पाच वर्षांत २ लाख ८८ हजार. त्यात डेटा हलवण्याची फी, प्रशिक्षण, दोन्ही यंत्रणा चालवण्याच्या महिन्याचा खर्च आणि दुसरं इंटरनेट कनेक्शन धरा.

दुसऱ्या बाजूला वाचणाऱ्या गोष्टीही मोजा: सर्व्हर, यूपीएस, त्याची दुरुस्ती, दोनदा टाइप होणारी बिलं आणि उधारी वेळेवर न कळल्यामुळे अडकलेले पैसे. बऱ्याच वाढत्या धंद्यांत हा शेवटचा आकडाच सगळ्यात मोठा असतो.

कुणी घाई करू नये?

एक दुकान, एक अकाउंटंट, व्यवहार मर्यादित आणि बॅकअपची शिस्त चांगली, अशा धंद्याला क्लाउडची तातडीची गरज नाही. जिथे इंटरनेट दिवसातून चारदा जातं तिथे काउंटरवरचं बिलिंग फक्त ऑनलाइन यंत्रणेवर ठेवणं जोखमीचं आहे. नेट नसताना बिल करून नंतर ते जुळवून घेण्याची सोय आहे का, हे आधी पाहावं. आणि ज्याचा मागच्या वर्षाचाच हिशेब जुळत नाही, त्याने आधी तो जुळवावा. नवं सॉफ्टवेअर जुना घोळ मिटवत नाही.

पैसे भरण्याआधी विचारा

विक्रेत्याकडून या सात प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या:

१. आमचा डेटा आणि त्याचा रोजचा बॅकअप भारतात कुठे राहतो?

२. ऑडिट ट्रेल कुणाला बंद करता येतो का?

३. सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती वेळात बाहेर काढता येतो? त्याचे वेगळे पैसे पडतात का?

४. हप्ता थकला तर डेटा किती दिवस पाहता येतो?

५. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल थेट निघतं की वेगळी सेवा घ्यावी लागते?

६. सीएचा लॉगिन मोफत आहे का?

७. सेवा बंद करणार असाल तर किती आधी कळवाल?

उत्तरं आली की ती आपल्या सीएला दाखवा. वर्षअखेरीला या हिशेबाशी त्यांनाच झुंजायचं असतं. त्यांना नवी यंत्रणा आधी माहीत असेल, तर पहिल्या ऑडिटला दोघांचीही धावपळ वाचते.